परक्या अंगणातलं तेच गाणं

"थांब, बंद करू नकोस. ते परत लाव," मालिनी म्हणाली आणि हातातली इस्त्री तिने उभी करून ठेवली.

क्षितिजाने चमकून मागे बघितलं. गेले तीन महिने आई त्या गाण्याबद्दल एकच गोष्ट बोलत आली होती, ती म्हणजे आवाज कमी कर. कोरियातल्या पाच मुलींचं ते गाणं जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून वाजायचं. पंधरा वर्षांच्या क्षितिजाला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता, पाचही जणींचे हातवारे पाठ होते, आणि शनिवारी दुपारी सोफा भिंतीकडे सारून ती पाचही जणी एकटीच व्हायची. आज घाईत कॉम्प्युटरवर भलत्याच चौकटीवर टिचकी पडली आणि जे सुरू झालं ते काही निराळंच होतं. चाल तीच, ठेका तोच, मुलीही त्याच. शब्द तेवढे वेगळे.

हे जपानी आहे, असं क्षितिजाने सांगितलं. सांगितलं अर्थात जर्मनमध्ये. आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा त्या घरचा रिवाज दोघींच्या अंगवळणी पडला होता. कोरियात गाणं गाजलं, म्हणून जपानमध्ये विकायला त्यांच्या भाषेत परत म्हणून घेतलं, गेनाऊ, अगदी तेवढंच. खरे चाहते हे ऐकत नाहीत. इंटरनेटवर त्यावरून केवढी भांडणं झालीत. मूळ ते मूळ, बाकी सगळा फेरराट. म्हणजे फितुरी.

मालिनीला फितुरीशी काही कर्तव्य नव्हतं. ती पुढे होऊन पडद्यासमोर बसली. दुसऱ्या कडव्याला एक मुलगी पुढे येत होती. कोरियन गाण्यात हीच मुलगी ती ओळ केस मागे उडवावेत तशी सहज उडवून द्यायची, आणि तीन महिने ऐकून ऐकून मालिनीच्याही ते कानात बसलं होतं. इथे मात्र नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालावं तशी ती जपून शब्दांवरून चालली होती.

"हिला ही भाषा येत नाही," मालिनी म्हणाली.

तुला कसं कळलं, तुला तर दोन्ही येत नाहीत, असं लेकीने विचारलं.

"येत नाही म्हणूनच कळलं. बघ ना, एकेक शब्द आधी चाचपतेय आणि मग पाऊल टाकतेय. पण थांबत नाहीये गं. हसू पण सांडू देत नाहीये."

क्षितिजाने खांदे उडवले आणि मूळ गाणं लावलं. मालिनी पुन्हा इस्त्रीकडे गेली खरी, पण यशवंतच्या त्या एका शर्टाला त्या दिवशी फार वेळ लागला.

मालिनीला एर्लांगेनमध्ये येऊन अठरा वर्षं झाली होती. नवरा यशवंत इंजिनियर, त्याचं ऑफिस सगळं इंग्रजीत चालायचं. ती स्वतः एका दवाखान्याच्या तळघरात काम करायची. शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायची, तपासायची, जाळीच्या तबकात ठरल्या क्रमाने मांडायची आणि वाफेच्या यंत्रात सरकवायची. तिथे लागेल तेवढं जर्मन तिला येत होतं. चिमटा, कात्री, ओलं, कोरडं, झालं, उद्या. तळघरातून वर उजेडात आलं की मात्र तिची जीभ जड व्हायची. फोन वाजला की ती म्हणायची, "मोमेंट, माइने टोख्टर," म्हणजे थांबा, माझी मुलगी देते, आणि फोन लेकीच्या हातात. क्षितिजा सात वर्षांची असल्यापासून घरमालक, आरोग्यविमा आणि नळदुरुस्तीवाला या तिघांशीही तीच बोलत आली होती.

याचं मालिनीला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते एकदाच. शाळेत पालकांची सभा होती, आणि सहलीविषयी बाईंना विचारायचं एक वाक्य तिने घरी घोकून घोकून तयार केलं होतं. वर्गाच्या दाराशी लेकीने तिचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, मामा (जर्मन मुलं आईला म्हणतात तसं), तू काही बोलू नकोस हं, मी सांगितलंय त्यांना सगळं. किती मायेने म्हणाली! त्या मायेनेच काटा मोडला तो मोडला. वाक्य तसंच घशात राहिलं, आणि मालिनी सभाभर हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिली.

आणि ही बाई कोणाची मुलगी? वासुदेवबुवा कुरुंदवाडकरांची, ज्यांचं कीर्तन ऐकायला लोक जेवणं आटोपून आधीपासून जागा धरून बसायचे. नऊ वर्षांची असल्यापासून मालिनी टाळ घेऊन वडिलांच्या मागे झील धरायला उभी राहायची. बुवा ओळीचं शेपूट सोडून देत, मागच्यांनी ते झेलायचं, आळवायचं, आणि तेवढ्यात बुवांनी श्वास घ्यायचा. पुढे उभं राहून बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. लग्न झालं, विमान आलं, तळघर आलं.

यंदा मात्र मराठी मंडळाच्या श्यामकांतने गणपतीत तिला कीर्तन करायला सांगितलं होतं. दरवर्षी तीच तीच सिनेमाची गाणी, यंदा काहीतरी आपलं होऊ दे वहिनी, असं तो म्हणाला. लगेच हात जोडून त्याने पुढचंही सांगून टाकलं. मुलं दहा मिनिटं बसतील आणि मग चेंडू घेऊन बाहेर पळतील, तेवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांना कळत नाही हो.

मालिनीने ते मनाला लावून घेतलंच होतं. पण आता तिच्या मनात ती दुसऱ्या कडव्यातली मुलगी येऊन उभी राहिली होती.

रविवारी चहाच्या वेळी तिने यशवंतला सांगितलं, "अहो, मी पूर्वरंग मराठीत करणार आणि उत्तररंगातली गोष्ट जर्मनमध्ये सांगणार."

यशवंतने बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तिथेच राहिलं. कपातला गाळ चमच्याने काढत तो म्हणाला, "चालेल की. निदान अर्धं तरी मला कळेल."

अरुंधतीकाकूंचं मात्र असं नव्हतं. त्या श्यामकांतच्या आई. वय पंचाहत्तर, मुलाकडे राहायला आलेल्या, आणि मंडळाच्या गणपतीचं सोवळंओवळं त्यांच्या शब्दावर चालायचं. बातमी कानावर जाताच त्या बस पकडून एकट्या मालिनीकडे आल्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विषय काढला. ज्या गादीवर नारदाचं स्मरण करून उभं राहायचं, तिथून असलं खडखडीत काहीतरी बोलायचं? देवापुढे हे चाळे कशाला? मालिनीने त्यांना हळूच सांगितलं की तिचे वडील नदीपलीकडच्या गावांत कानडीतून कीर्तन करायचे.

"कानडी देवाच्या कानावरून गेलेली आहे," काकू म्हणाल्या. "जर्मन कधी ऐकलीय त्याने? बोल तू, मी अडवणार नाही. पण पुढच्याच खुर्चीत बसणार आहे, कानांवर हात ठेवून."

त्या गेल्यावर मालिनीला ते कानडी कीर्तन लख्ख आठवलं. वडिलांची कानडी लंगडी होती. पहिल्या दोन वाक्यांतच बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बुवा त्यांच्याबरोबर स्वतःही हसले आणि तसेच गोष्टीत शिरले. परतताना एसटीत तिने विचारलं होतं, लोक हसतात तर करायचं कशाला? बुवा म्हणाले होते, "समोरच्याला कळलं नाही तर ते कीर्तन नव्हे पोरी, तो आपला घरचा रियाज. हसले म्हणजे कळलं."

गोष्टही तिने वडिलांचीच घेतली, त्यांनी स्वतः रचलेली. नदीकाठी गणपतीचं देऊळ. पैलतीरावरून एक म्हातारी नावेतून यायची. तिला इकडची भाषा येत नव्हती. पुजारी म्हणाला, आधी नीट बोलायला शिक आणि मग गाभाऱ्यात ये. म्हातारी शेवटच्या पायरीवर बसली आणि आपल्या बोलीत देवाला आपला दिवस सांगू लागली. रोज यायची, रोज सांगायची. एका सकाळी पुजाऱ्याने कुलूप काढलं तर आत मूर्ती नाही. देव बाहेर, शेवटच्या पायरीवर, म्हातारीशेजारी ऐकत बसलेला. आणि मग अख्खा गाव हात जोडून दोघांनाही आत बोलवायला लागला.

मालिनीने शब्दकोश उघडला आणि मराठी ओळीखाली जर्मन ओळ, असं चार संध्याकाळी खपून गोष्ट उतरवली. मग स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ती मोठ्याने म्हणून बघू लागली. बाहेरून आधी खुसखुस ऐकू आली, मग खिदळणं, आणि दारात बघते तो क्षितिजा पोट धरून जमिनीवर बसलेली. ते म्हणे विमा कंपनीच्या पत्रासारखं वाटत होतं. 'सदर वयोवृद्ध स्त्री उपासनास्थळी उपस्थित राहिली', असं काहीतरी आई म्हणाली होती.

"हसलीस ना? म्हणजे कळलं," मालिनी म्हणाली आणि पोळी उलटली.

 लेक उठली आणि ओट्यावर चढून बसली. डास बूट, मामा, डेअर बूट नाही, म्हणाली. बूट म्हणजे होडी, आणि ती जर्मनमध्ये नपुंसकलिंगी. होडीपासून सुरू झालेली दुरुस्ती पायऱ्यांपर्यंत आली, आणि पुढे आठवडाभर कणीक मळता मळता, भांडी पुसता पुसता तेच चाललं. शब्दाला शब्द ठेवू नकोस, असं क्षितिजा सारखी बजावायची. जपानी गाण्यातही तसं केलेलं नाही. कोरियनमध्ये जिथे ती मुलगी रुसते, तिथे जपानीत ती वाट बघते, कारण वरच्या सुराला तोंड उघडं राहील असा शब्द हवा होता. तिसऱ्या ओळीत तर अख्खा अर्थच बदललाय, पण ऐकणाऱ्यापर्यंत तेच पोचतं.

"तू तर ते ऐकत नाहीस ना?" मालिनीने विचारलं.

क्षितिजाचे कान लाल झाले. एकदोनदा ऐकलं असेल, एवढं म्हणून ती ताटं पुसायला लागली.

गाव देवाला बोलावतं त्या जागी गजर हवा होता. तो दोघींनी मिळून केला. 'कोम राइन, मोरया, हिअर इस्ट नोख प्लात्स.' आत ये मोरया, इथे अजून जागा आहे. तोंडात घोळवता घोळवता मालिनीच्या लक्षात आलं, की हे शब्द त्या कोरियन गाण्याच्या पालुपदात बोटात अंगठी बसावी तसे बसतात. कीर्तनकारांनी चाली कधी घरच्या वापरल्यात? आजोबा नाटकांतल्या घ्यायचे, असं तिने लेकीला सांगितलं, आणि तुझ्या गाण्याची मी घेऊ का, असं विचारलं.

क्षितिजाचा चेहरा मिटला. ती म्हणाली, बाकी काय हवं ते घे, ती चाल नको. मंडळातल्या सगळ्या मुलांना ते गाणं येतं. सगळे माझ्याकडे बघतील. आणि मग, या बोलण्यात पहिल्यांदाच, ती अडखळत मराठीत म्हणाली, "ते माझं आहे."

मालिनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. नाही घेणार, म्हणाली. तू येशील ना फक्त? येईन, पण मागे बसेन, असं लेकीचं म्हणणं पडलं.

चर्चच्या शेजारच्या सभागृहात गणपती बसला होता. शाडूचा, पुण्याहून कोणाच्या तरी मांडीवर बसून विमानातून आलेला. पेटीवर श्यामकांत, तबल्यावर सिद्धेश, विद्यापीठात पीएचडी करणारा, हात मोठा गोड. झील धरायला मात्र कोणी नव्हतं. मंडळात टाळ वाजवणारे बरेच निघाले, पण शेपूट झेलणारा एकही नाही. पुढच्या खुर्चीत अरुंधतीकाकू बसल्या होत्या, हात अजून मांडीवर होते.

पूर्वरंग झाला. थोरांनी माना डोलावल्या. मुलं एकेक करत सटकली आणि बाहेरून चेंडूचा धपधप आवाज येऊ लागला. मग श्यामकांतने मालिनीच्या कपाळी बुक्का लावला आणि गळ्यात हार घातला, म्हणजे आता उत्तररंग. सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीत, क्षितिजा मान खाली घालून बसली होती.

मालिनीने डोळे मिटले, वडिलांना आठवलं, आणि जर्मनमध्ये सुरुवात केली.

 काकूंचे हात खरोखरच कानांकडे निघाले. दुसऱ्याच वाक्यात होडी आली आणि आठवडाभर घोकलेलं सगळं पुसून गेलं. 'डेअर बूट' म्हणाली ती. दारात डोकावणारी दोन मुलं फिसकन हसली. मालिनी थांबली. घशात तेच जुनं वाक्य येऊन बसलं. शेवटच्या रांगेतून लेक तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शाळेच्या दारातली तीच माया होती.

तेव्हा मालिनी हसली. मुलांकडे बघून, अगदी मनापासून. आणि जर्मनमध्येच म्हणाली, "होडी बाई आहे की बुवा, त्या म्हातारीलाही माहीत नव्हतं. पण ती बसली."

दारातली मुलं मोठ्याने हसली. कोणीतरी चेंडू काखेत मारला आणि आत येऊन जमिनीवर फतकल मारली. त्याच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. मालिनी बोलत गेली. वाक्यं छोटी होती, चुकत होती, पण थांबत नव्हती. ती म्हातारी होऊन पायरीवर बसली, पुजारी होऊन कुलूप काढलं, रिकाम्या गाभाऱ्यात डोळे विस्फारून बघितलं. देव पायरीवर सापडला तेव्हा जमिनीवर बसलेल्या एका मुलीने आईचा हात घट्ट धरला. जर्मन सुना, ज्या दरवर्षी प्रसादापुरत्या हसून बसायच्या, त्या पुढे सरकून ऐकत होत्या.

आणि मग गजर. दिलेल्या शब्दाप्रमाणे मालिनीने जुनी, वडिलांची चाल धरली. "कोम राइन, मोरया..." शेपूट सोडलं. कोणी झेललं नाही. ती चाल मुलांच्या ओळखीची नव्हती, आणि मोठ्यांना शब्द जमत नव्हते. नुसता तबला चालला होता. कीर्तन कुठे मरत असेल तर इथेच मरतं, हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिने पुन्हा ओळ म्हटली. पुन्हा सोडली. छातीत श्वास उरला नव्हता.

"हिअर इस्ट नोख प्लात्स."

आवाज मागून आला. चाल जुनी नव्हती. क्षितिजा दाराजवळ उभी होती, चेहरा कानापर्यंत लाल, आणि आपल्या त्या गाण्याच्या पालुपदात आईचे शब्द गात होती. गातच ती खुर्च्यांमधून पुढे आली आणि गादीच्या मागे, झीलकरी उभा राहतो तिथे, येऊन उभी राहिली. सिद्धेशने एक क्षण कान दिला आणि ठेका फिरवला. श्यामकांतची पेटी जरा भरकटली आणि मग लागली. मुलांना कळायला तेवढंच पुरेसं होतं. आधी मुली उठल्या, मग मुलगे. त्या पाचजणींचे हातवारे सगळ्यांना पाठ होते, आणि बघता बघता गणपतीपुढे तीस-चाळीस हात एकदम वर गेले, एकदम खाली आले. आयांना हात येत नव्हते, त्या टाळ्या देत होत्या. यशवंत सगळ्यांत बेसूर आणि सगळ्यांत मोठ्याने गात होता. मालिनी ओळ सोडायची, लेक झेलायची, लेकीमागे अख्खं सभागृह झेलायचं. वडिलांच्या मागे उभं राहून जो श्वास तिने आयुष्यभर दुसऱ्याला दिला, तो आज तिला छाती भरून मिळत होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी घामाने कपाळावरून ओघळलेल्या बुक्क्याची काळी वाट करत खाली उतरलं, आणि तिने ते पुसलं नाही.

काकूंचे हात कानांवर नव्हते. ते एकमेकांवर आपटत होते, ठेक्यात.

आरती झाली. गळ्यात हार आहे तोवर कीर्तनकाराने कोणापुढे वाकायचं नसतं. त्यालाच सगळे नमस्कार करतात, लहान असोत, थोर असोत. यशवंत वाकला. सिद्धेश वाकला. मग अरुंधतीकाकू गुडघे सांभाळत उठल्या, तशी मालिनी त्यांना अडवायला पुढे झाली.

"सरळ उभी राहा," काकू दटावून म्हणाल्या. "तुझ्या नाही, त्या गादीच्या पाया पडतेय." डोकं टेकवून उठल्या आणि दम खाऊन हळूच विचारलं, "ती शेवटची चाल कुठल्या नाटकातली गं?"

"कोरियातली आहे काकू."

"असेल. खर्जातून सुरू केली असतीत तर आणखी रंगली असती," काकू म्हणाल्या आणि प्रसादाच्या व्यवस्थेकडे वळल्या.

खुर्च्या हलू लागल्या. श्यामकांतची शेजारीण, उंचशी पांढऱ्या केसांची जर्मन बाई, हातात मोदकाची बशी घेऊन मालिनीपुढे आली. तिने जरा भरभर विचारलं, मग ती म्हातारी शेवटी देवळात गेली का, की देवच तिच्याबरोबर होडीतून पलीकडे गेला?

क्षितिजा शेजारीच होती. सवयीने ती अर्धं पाऊल पुढे आली, उत्तर द्यायला तोंडही उघडलं. मग तिने ओठ मिटले आणि आईच्या हाराची मागे सुटलेली गाठ नीट बांधायला लागली.

ही गोष्ट इथून पुढे वडिलांनीही कधी सांगितली नव्हती. मालिनीने बाईकडे बघितलं, विचार केला, आणि म्हणाली, "आल्झो..." म्हणजे, तर मग. शब्द सापडायला वेळ लागत होता. बाई बशी धरून वाट बघत राहिली. मध्ये कोणी बोललं नाही.